दोरावरची जागा

"वन्सं, पुरे आता तां पिळणा. चोथो झालो त्येचो," शेवंती चुलीपुढून म्हणाली.

जानकीने मूठ उघडली. नारळाचा चव हातात कोरडा पडला होता. तरी तिने तो पुन्हा एकदा आवळला आणि शेवटचे थेंब कोकमाच्या पाण्यात उतरून गुलाबी होताना पाहिले. तिचे कान मात्र रस्त्याकडे होते.

"मंत्री येता काय जेवक?" शेवंतीने हसून विचारले.

"कौस्तुभ येता. मुंबयत दर शनवारी माझ्याकडे जेवक येय. पुण्याचो माणूस, पण जीभ मालवणची."

अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून रुक्मिणी मासेवाली चालली होती. डोक्यावरची पाटी रिकामी होती. गेले काही महिने ती बहुतेक रिकामीच असे. तिने पाय थांबवला आणि शेवंतीकडे पाहून, जानकीला ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, "साहेबासाठी काय रांदलंस गो? आमच्या दर्यात तर मासो रवना नाय. तेका पण पोलिसांचा टायमटेबल गावला वाटता."

"तुझ्याचकडसून आणलंय सकाळी. इसारलंस?"

"तो रत्नागिरीचो बर्फातलो. आमचो खंयचो." रुक्मिणीने पाटी सावरली. "घरचाच कुलूप आणि घरचीच चावी. बोलाचा कोणाक?"

ती निघून गेली. जानकीने सोलकढीत मीठ घातले, चव पाहिली आणि काहीच कळले नाही म्हणून पुन्हा पाहिली.

खाजणवाडीतल्या माणसांनी तिला तोंडावर कधी काही म्हटले नव्हते. निवृत्त होऊन ती मुंबईहून भावाच्या घरी राहायला आली तेव्हा तिला हौसेने रापणीला नेले होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड जाळे. होडी ते अर्धवर्तुळात पसरून येते आणि मग दोन्ही बाजूंच्या दोरांना सगळी वाडी लागते. ज्याचा हात दोराला लागला, त्याला वाटा. मग तो पाहुणा असो, म्हातारी असो की पोर. कुणाला विचारायचे नाही, कुणाला हटकायचे नाही. दिवाळी सरली, मुंबईच्या वर्तमानपत्रात ती बातमी आली, आणि त्यानंतरच्या रापणीला जानकी दोरापाशी गेली तेव्हा कुणीही तिला नको म्हटले नाही. फक्त माणसे एकमेकांना इतकी खेटून उभी राहिली की मध्ये हात घालायला जागा उरली नाही. ती थोडा वेळ ओल्या वाळूत उभी राहिली आणि घरी परतली. तेव्हापासून ती किनाऱ्यावर गेली नव्हती.

बातमी खरी होती आणि खोटीही. किनाऱ्यावरच्या होड्यांना वादळाची सूचना देणारी 'दर्यासाद' नावाची सरकारी यंत्रणा होती. त्याच यंत्रणेच्या पडद्यावर मत्स्य खात्याची गस्ती नौका कुठे आहे, हेही दिसत असे. कुणीतरी चोरून ते पाहत होते. पाचसहा महिने बाहेरच्या मोठ्या नौका, गस्त जिथे नसेल नेमक्या तिथे, प्रखर दिवे लावून शिरत होत्या आणि किनाऱ्याची मासळी उपसून नेत होत्या. वाडीची रापण रिकामी येत होती. चोरांनी दार फोडले नव्हते. त्यांच्याकडे पासवर्ड होता. तो पासवर्ड अनेकांच्या हाती असू द्यावा, असे कलम सरकारी धोरणात होते. आणि ते कलम जानकी परशुराम मेतर हिने लिहिले होते.

हे सगळे खरे होते. उरलेले काय ते कौस्तुभ सांगणार होता. दुपारी सातेरीच्या देवळापुढच्या मांडवात खात्याने मच्छीमारांची बैठक बोलावली होती आणि तिच्या आधी तो मुद्दाम जेवायला येत होता. "मॅडम, समोरासमोर बोलू. फोनवर नको," तो म्हणाला होता. ते ऐकल्यापासून जानकीला कित्येक आठवड्यांनी शांत झोप लागली होती.

*

गाडी दारात थांबली. कौस्तुभ उतरला आणि अंगणातच वाकून तिच्या पाया पडला. कानांपाशी त्याचे केस पांढरे झाले होते. ती निवृत्त झाल्यावर तिच्या खुर्चीवर तोच बसला होता आणि त्यात तिला कधी वावगे वाटले नव्हते. तिनेच त्याला त्या खुर्चीसाठी घडवले होते.

"वाळलास रे," ती म्हणाली.

"तुमची सोलकढी बंद झाली ना, मॅडम."

गुणाजीने, तिच्या धाकट्या भावाने, हातपाय धुवायला पाणी दिले. गुणाजी मितभाषी, पण वाडीत त्याच्या हाताला मान होता. रापणीचे वाटे तो घालत असे. वाळूवर मासळीचे सारखे ढीग करायचे हे काम दिसते तितके सोपे नाही. चाळीसपन्नास जोड्या डोळे पाहत असतात. एखाद्या वाट्यावर कुणी बोट ठेवले की सगळे वाटे मोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून घालायचे, अशी रीत होती. गुणाजीच्या हयातीत तशी वेळ आली नव्हती. "गुणाजीचो वाटो" हा शब्दच त्या वाडीत खरेपणासाठी वापरत.

पाने मांडली. कौस्तुभने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वहिनी, या चवीसाठी माणसानं बदली मागून घ्यावी."

"मगे घेवा की. हयसर बदलेक कोण नाय म्हणाचो नाय. हयसून जाणाऱ्यांचीच रांग आसता," शेवंती म्हणाली आणि तो मनापासून हसला.

जानकी त्याच्या हसण्याकडे पाहत राहिली. शनिवारची तिची सरकारी वसाहतीतली खोली तिला आठवली. ओट्यावर दोन पेले, आणि टेबलावर धोरणाचा मसुदा.

तिची नोकरी सुरू झाली होती टंकलेखिका म्हणून. कार्यालयात संगणक आले तेव्हा साहेबलोकांनी त्यांना हार घातले आणि प्लास्टिकची आवरणे तशीच ठेवली. आवरण काढले ते जानकीने. पुढे शासनाला माहितीच्या सुरक्षेची काळजी वाटू लागली, तेव्हा जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत दोन टेबले टाकून एक कक्ष उघडण्यात आला आणि तिथे कुणीच जायला तयार नव्हते म्हणून तिला पाठवण्यात आले. ती जिल्ह्याजिल्ह्यांत तपासणीला जाई. अधिकाऱ्यांच्या खुर्चीत बसून कीबोर्ड उचलला की खाली चिठ्ठी असे, आणि चिठ्ठीवर गावच्या देवाचे नाव. "अख्ख्या राज्याचा कारभार ग्रामदेवतांच्या भरवशावर चाललाय," असे ती एकदा एका सचिवांना म्हणाली होती. ते हसले नव्हते. लोक तिला मागे 'कुलूपबाई' म्हणत. तिने ते नाव निमूट स्वीकारले होते, कारण कुलपाचा आणि तिचा संबंध त्यांना वाटे त्याहून फार जुना होता.

तिच्या लहानपणी बंदरावर धोक्याचा बावटा चढवण्याची पद्धत होती. ज्या संध्याकाळी तिचा बाप समुद्रावर गेला, त्या दुपारीच तारेने वादळाची सूचना आली होती. पण बावट्यांच्या कपाटाची किल्ली ज्या अधिकाऱ्याकडे होती, तो जामसंड्याला लग्नाला गेला होता. शिपाई कपाटासमोर उभा राहिला. कुलूप फोडायचा अधिकार त्याला नव्हता. बाप गेल्यावर तोच शिपाई घरी आला आणि आईसमोर उकिडवा बसून रडला, एवढे जानकीला आठवे.

पुढे बावटे गेले, यंत्रणा आल्या, किल्लीची जागा पासवर्डने घेतली. आणि एका वैशाखात पुन्हा तेच घडले. वादळाची सूचना पडद्यावर आलेली, किनाऱ्यावरची कर्मचारी मुलगी ती वाचते आहे, आणि होड्यांना ती पाठवण्याचा अधिकार असलेला एकुलता अधिकारी तळेऱ्याच्या पुढे, आडव्या पडलेल्या झाडांमागे गाडीत बसलेला. फोनला रेंज नाही. त्या रात्री देवगडची एक होडी परतली नाही.

त्यानंतर जानकीने ते कलम लिहिले. एरवी एक माणूस, एक पासवर्ड. पण वादळाचा इशारा असेल तेव्हा किनाऱ्यावरच्या प्रत्येक केंद्राला एक सामाईक शब्द वापरता येईल आणि जो जागेवर असेल तो सूचना सोडेल. वादळ ओसरताच मुख्यालयाने तो शब्द बदलावा. तज्ज्ञांनी तिला वेड्यात काढले. सुरक्षेचे धोरण लिहिणारी बाईच दार उघडे ठेवा म्हणते! ती दोन वर्षे भांडली. तिच्या बाजूने बोलणारा एकच तरुण अधिकारी होता, आणि तोच आता तिच्या समोर भाताचे आळे करून त्यात कढी ओतत होता.

निवृत्तीच्या आठवड्यात, त्या हंगामातले शेवटचे वादळ गुजरातकडे निघून गेले तेव्हा, तिने त्याला एवढेच विचारले होते : "शब्द बदललास ना?"

"बदलला, मॅडम."

इतरांच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, प्रत्येक गोष्ट स्वतः पडताळून पाहावी, हे तिने जन्मभर इतरांना शिकवले होते. त्या दिवशी तिने पडताळले नाही.

कौस्तुभने पेला खाली ठेवला. त्याचे डोळे पानावर होते.

"मॅडम, तो बदलायचा राहून गेला."

चुलीत काहीतरी तडकले. गुणाजीचा हात घासावरच थांबला.

"तुमच्या निरोप समारंभाची गडबड होती. नंतर मला वाटलं, बदललाय. मग एका ठेकेदाराला यंत्रणा दाखवायची होती, तेव्हा तोच शब्द चालला. तेव्हा कळलं. तेव्हाही... राहिलं."

"ठेकेदाराक दिलंस तू तो?" ती मालवणीत बोलून गेली. त्याच्याशी ती कधी मालवणीत बोलत नसे.

"दिला. तिथूनच गेला असणार." त्याने पानातला भात बोटाने कडेला सारला. "मी आज बैठकीत सांगणार आहे. चूक कक्षाची आहे, कलमाची नाही. तुमचं नाव स्वच्छ करून मगच इथून जाईन. फक्त एक विनंती आहे. मी बोलेपर्यंत तुम्ही बोलू नका. नाहीतर लोक म्हणतील, बाईंनी पढवून आणलंय."

जानकीने त्याच्याकडे पाहिले. राग यायला हवा होता. आला तो एक प्रकारचा हलकेपणा. चूक कबूल करणारा माणूस तिने सरकारात फार क्वचित पाहिला होता. आणि हा तर तिच्या हाताखालचा होता.

"कलम रवतला मा?"

"राहील, मॅडम."

"मगे बरा. जेव पोटभर."

हात धुवून पडवीत आल्यावर कौस्तुभने गुणाजीला सहज विचारावे तसे विचारले, "तुमचा ओंकार काय करतो सध्या?"

"घराकच आसा. डिप्लोमा झालो, पण..."

"किनाऱ्यावरच्या केंद्रांसाठी माणसं घेतोय आम्ही. माझ्याकडे पाठवा त्याला. बघतो मी."

जानकी आत भांडी विसळत होती. तिला ते ऐकू आले आणि बरेही वाटले. माणूस जाणतो, तिच्या मनात आले.

*

मांडवात पुरुष पुढे आणि बायका मागे, अशी बैठक भरली. सोसायटीचे अध्यक्ष भाई कुबल मधल्या खुर्चीवर होते. सुरुवातीला बराच आरडाओरडा झाला. कुणी गस्ती नौकेला "म्हातारीची होडी" म्हणाला, कुणी म्हणाला, "आमी दर्यार उपाशी आणि तुमी एसीत बसान कागद रंगयतास." भाईंनी हात वर केला. मग कौस्तुभ उठला.

तो चांगले बोलला. आवाज कुठे चढला नाही. मच्छीमारांचे दुःख आपल्याला समजते, असे तो म्हणाला आणि ते खोटेही वाटले नाही. जानकी शेवंतीच्या शेजारी, खांबाला टेकून बसली होती आणि शब्दाशब्दाला तिचे मन पुढे सरकत होते : आता सांगेल.

"धोरणातल्या एका कलमामुळे हे सगळं घडलं," कौस्तुभ म्हणाला. "ते कलम आदरणीय जानकी मेतर मॅडमनी लिहिलेलं. मॅडम माझ्या गुरू आहेत. आज मी जो आहे तो त्यांच्यामुळे. म्हणून हे सांगताना मला वेदना होतात. त्यांचे वडील वादळात गेले, हे तुम्ही सगळे जाणता. माणूसच आहे. भावनेच्या भरात सुरक्षेला एक खिंडार राहून गेलं. त्यामागे कुणाचा वाईट हेतू नव्हता. ते कलम आम्ही या सोमवारी रद्द केलं आहे. यापुढे प्रत्येक सूचना फक्त मुख्यालयातून सुटेल."

मांडवात कुजबुज झाली आणि विरली. काही माना मागे वळल्या. बाप वादळात गेला, हे वाडीला ठाऊक होते, पण कपाट, किल्ली, उकिडवा बसून रडणारा शिपाई : हे तिने आयुष्यात एकाच माणसाला सांगितले होते, एका शनिवारी, पेला भरता भरता.

ती उठली. गुडघा धरला होता म्हणून तिने खांबाचा आधार घेतला.

"साहेब," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला असे संबोधले. "पुढच्या वादळात मुख्यालयाशी संपर्क तुटला, तर सूचना कोण सोडणार?"

"त्याची व्यवस्था होईल, मॅडम."

"कोणती?"

"बाय, आता कलमाची वकिली कित्याक करतंस?" पुढून कुणीतरी म्हटले. "तेणाच तर घात केल्यान." दुसरा म्हणाला, "रिटायर झालंस मगे सोड ना सरकाराक." थोडे हसू फुटले.

भाई कुबल अजिजीने म्हणाले, "जानकीबाय, तुमका काय सांगाचा असात तर सांगा. पण पुरावो होयो."

तिच्याजवळ पुरावा नव्हता. कीबोर्डाखाली चिठ्ठी नव्हती. होते ते एक जेवण आणि त्या जेवणाला बसलेली माणसे. तिने पुढच्या रांगेकडे पाहिले. गुणाजी पाठमोरा बसला होता. त्याच्या मानेवरचा उन्हाने रापलेला भाग ती ओळखत होती. लहानपणी त्याला तिथेच तेल चोळायची.

"गुणाजी," ती म्हणाली, "दुपारी जेवताना काय बोलणा झाला, तां तू सांग."

मांडव गप्प झाला. ती शांतता कौस्तुभसाठी नव्हती, तिच्यासाठीही नव्हती. वाटे घालणारा माणूस बोलणार होता.

गुणाजी उठला नाही. बसल्या जागीच त्याने दोन्ही पंजे उघडले आणि त्यांकडे पाहत तो म्हणाला, "माका काय म्हायत. मी हात धुवक भायर गेल्लंय."

"अवो, पण..." शेवंती ताडकन पुढे सरली.

"तू गप रव," गुणाजी म्हणाला. मान न वळवता.

शेवंतीचा श्वास जानकीला शेजारी ऐकू येत होता. ती बोलणार होती. एक क्षण तसाच गेला असता तर ती बोललीच असती. जानकी खाली बसली आणि तिने शेवंतीच्या गुडघ्यावर हात ठेवला. ओंकार शेवंतीच्या पोटचा होता. नवऱ्याच्या शब्दाविरुद्ध आणि पोराच्या भाकरीविरुद्ध उभी राहा, असे या बाईला सांगणारी ती कोण?

"गुणाजीन सांगल्यान, झाला मगे," पुढून कुणीतरी म्हणाले आणि बैठक डिझेलच्या प्रश्नाकडे वळली.

कौस्तुभ निघताना तिच्यापाशी आला नाही. गाडीत बसण्यापूर्वी त्याने एकदा मांडवाकडे पाहिले. त्याचा हात नमस्कारासाठी उठला की चष्मा सावरण्यासाठी, ते दुरून कळले नाही.

*

तिन्हीसांजेला शेवंतीने देवापुढे दिवा लावला आणि न बोलता चूल पेटवली. उरलेली सोलकढी तिने परसात, माडाच्या मुळाशी ओतून दिली. जानकीने पाहिले आणि पाहिले नाही असे केले.

गुणाजी पडवीच्या पायरीवर बसला होता. ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली तेव्हा तो म्हणाला, "झील घरात बसान कुसता, बाय. रापणीत काय रवला नाय. माका त्येचा बघूक होया." थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "तुझा काय, तुका पेन्शन आसा. तुझा कोण काय वाकडा करतलो?"

समोर माडांच्या खोडांमधून समुद्राची एक करडी पट्टी दिसत होती. तिच्यावर एकही दिवा नव्हता.

"आदी सांगलं असतंस," ती शेवटी म्हणाली, "तर चारचौघात मी तुका इचारलाच नसता."

त्याला जे लागायचे ते त्याच वाक्याने लागले असावे. तो जेवायला आत आला नाही.

*

सकाळी होडी जाळे सोडून परत आली होती आणि दोन्ही दोर किनाऱ्याला लागले होते. थंडी होती. वाळूवर दव साचले होते. माणसे दोराला वाकून, टाचा वाळूत रोवून, पावलापावलाने मागे येत होती. ओढणाऱ्यांचा आवाज वाऱ्यावर येई आणि तुटे.

जानकी किनाऱ्यावर उतरली. पदर खोचून ती दोरापाशी जाऊन उभी राहिली. कुणी वर पाहिले नाही. खांद्याला खांदा तसाच होता. मागच्या वेळी ती जितका वेळ उभी राहिली होती तितकाच वेळ पुन्हा गेला. या खेपेस ती परत फिरली नाही.

"उबी कित्या रवलंस?" रुक्मिणीचा आवाज आला. ती समुद्राकडेच पाहत होती. "दोर ओलो आसा. हात सोलवटतले तुझे, बाबू लोकांचे हात. पदर गुंडाळ."

आणि तिने एक पाऊल बाजूला टाकले. हातभर दोर मोकळा झाला.

जानकीने तो धरला. काथ्याचा खरखरीत, खारट, थंडगार दोर. तिने ओढला आणि जाळ्याचे सगळे वजन, समुद्राचे सगळे वजन, क्षणभर तिच्या एकटीच्याच हातात आल्यासारखे वाटले; मग मागच्यांनी ते घेतले.

"काल मांडवात शेवंती कायतरी सांगूक बघी होती," रुक्मिणी हळू आवाजात म्हणाली. "अर्द्या गजालीन माका झोप लागणा नाय."

"इसर तां."

"इसरान. पण तू कित्याक इसरतंस?"

जानकीने दोरावरची पकड बदलली. ओढायचे काम होते.

त्या दिवशी जाळ्यात मासळी फार नव्हती, पण कित्येक दिवसांत आली तितकी होती : बांगडे, थोडी तारली, आणि पापलेटाच्या जातीचे दोन-तीन महागडे सरंगे. मोठी मासळी देवाच्या वाट्याला बाजूला काढली. मग गुणाजी वाळूवर उकिडवा बसला आणि वाटे घालू लागला. त्याचे हात नेहमीसारखेच झरझर चालत होते. भोवती माणसे गोल उभी होती. कालचे कुणी काही काढले नाही. कुणाच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हते.

एकेक जण पुढे होऊन आपापला वाटा उचलू लागला. जानकीची पाळी आली. गुणाजीने तिच्याकडे न पाहता तिच्यापुढचा ढीग दोन्ही हातांनी थोडा आणखी पुढे सरकवला.

ती वाकली. वरचे बांगडे तिने पाटीत घेतले आणि तिच्या बोटांना खाली काहीतरी रुंद, गुळगुळीत लागले. बांगड्यांच्या तळाशी एक सरंगा होता. हाताच्या पंजाहून मोठा, अजून चकाकता. दुसऱ्या कुणाच्याही वाट्यात सरंगा नव्हता.

तिने मान वर केली. गुणाजीचे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले. कालपासून पहिल्यांदाच. त्या डोळ्यांत एक ओशाळवाणी विनवणी होती : घे, गुपचूप घे आणि जा.

लहानपणी तो असाच आंब्याची फोड मुठीत लपवून तिच्यासाठी आणायचा.

जानकीने सरंगा शेपटीशी धरून उचलला. चार पावले मागे येऊन, सगळ्यांना दिसेल अशा मोकळ्या वाळूवर, तिने तो ठेवला. मग पाटीतले बांगडेही एकेक करून परत ढिगावर ठेवले. शेवटचा ठेवून झाल्यावर तिने ओले हात साडीला पुसले.

लाटेचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. कुणीतरी, आधीच वाटा घेऊन चार पावले गेलेला, परत वळला. त्याने आपली पाटी मधल्या वाळूवर उपडी केली. मग दुसऱ्याने केली. रुक्मिणीने केली. कुणी कुणाला सांगितले नव्हते. रीतच तशी होती.

सगळी मासळी पुन्हा एका ढिगात जमा झाली. सरंगा वर पडला होता. गुणाजी बराच वेळ त्या ढिगाकडे पाहत राहिला. मग त्याने गुडघे टेकले, पहिला बांगडा उचलला आणि पहिल्या जागी ठेवला. तो तिरका पडला, म्हणून उचलून पुन्हा नीट ठेवला.

जानकी आपल्या जागी, रुक्मिणीच्या पलीकडे, पाळीची वाट पाहत उभी राहिली. दोराने तिचे तळवे सोलवटले होते. खारा वारा त्यांना झोंबत होता.